वाचकांचे प्रश्न : आठ महिन्यांचा पंतप्रधान

मागच्या अंकात भारत, रशिया आणि चीन यांच्या त्रिकोणाबद्दल उत्तर देताना येवगेनी प्रिमाकोव्ह, म्हणजे 1998-99 मध्ये आठ महिने रशियाचे पंतप्रधान असलेले गृहस्थ, यांचं नाव ओझरतं येऊन गेलं. त्या एका नावावर इतकी पत्रं आली, की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. रशियातल्या वैद्यकीय कॉलेजांची फी आणि हॉस्टेलचं जेवण याबद्दल विचारणाऱ्या पालकांनी एक महिना कळ काढावी. तुमची पत्रं फायलीत नीट लावून ठेवली आहेत.

ताई, स. न. वि. वि. रशियाचे पंतप्रधान म्हटले की आम्हाला पुतिन आणि मेदवेदेव, बस्स. हे प्रिमाकोव्ह केजीबीचे गुप्तहेर होते असं माझा मुलगा म्हणतो. मी म्हणतो, पत्रकार होते. रोज जेवताना वाद चालतो. कोणाचं खरं?
— निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

दोघांचंही खरं, पण वाद तुम्ही जिंकलात. जरा हिशेब मांडू. 1953 मध्ये मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेतून अरबी शिकून ते बाहेर पडले आणि पुढे नभोवाणीत लागले. 1962 पासून सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ दैनिकात. 1970 ला वर्तमानपत्र सोडून संशोधनाकडे वळले, आणि पुढे देशातल्या दोन वजनदार संस्थांचे संचालक झाले: आधी प्राच्यविद्येची, नंतर जागतिक अर्थकारण आणि आंतरराष्ट्रीय संबंधांची. हेरखात्यात ते अधिकृतपणे आले 1991 मध्ये, एकसष्टी उलटल्यावर, आणि आले ते थेट प्रमुखाच्या खुर्चीत. सोव्हिएत संघ मोडला, केजीबीचे तुकडे झाले, त्यातलं परदेशी हेरगिरीचं खातं त्यांनी 1996 च्या जानेवारीपर्यंत सांभाळलं. साठ वर्षांच्या कर्तृत्वात ही सव्वाचार वर्षं. पण ‘हेर’ हा शिक्का असा आहे की एकदा बसला की बाकीचं सगळं पुसून टाकतो.

चिरंजीवांनाही अगदी रिकाम्या हाताने पाठवत नाही. ‘प्रावदा’चा परदेशातला बातमीदार म्हणजे आपल्याकडच्या वार्ताहरासारखा बातमी पाठवून मोकळा होणारा माणूस नव्हे. मॉस्कोतून येणारी नाजूक कामंही त्याच्या गळ्यात पडत. 1967 च्या युद्धानंतर सोव्हिएत संघाने इस्रायलशी राजनैतिक संबंध तोडले होते. तरी 1971 पासून, म्हणजे वर्तमानपत्र सोडल्यावरही, प्रिमाकोव्ह गुपचूप तिथे जाऊन पंतप्रधान गोल्डा मेयर आणि संरक्षणमंत्री मोशे दायान यांच्याशी बोलत होते. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून टाकलं आहे. तेव्हा मुलाला म्हणावं, गुप्तता होतीच, फक्त ओव्हरकोटाची कॉलर वर करून फिरणारी नव्हती.

आता माझं मत. हा माणूस समजून घ्यायचा असेल तर केजीबीपेक्षा त्बिलिसी बघा. जन्म 29 ऑक्टोबर 1929 चा, कीव्हचा. पण काही महिन्यांचं पोर घेऊन आई त्बिलिसीला आली आणि बालपण सगळं जॉर्जियात गेलं. आई आन्ना याकोव्हलेव्ना स्त्रियांची डॉक्टर. सूत आणि विणकामाच्या एका गिरणीच्या दवाखान्यात ती काम करायची. वडील सोबत नव्हतेच, आणि 1937 च्या स्टालिनच्या धरपकडीत तेही नाहीसे झाले. मायलेकरं एका खोलीत राहायची. आई दिवसभर ड्यूटीवर, मुलगा दिवसभर आवारात. त्या शहरातली जुनी घरं म्हणजे मधे चौक, भोवती लाकडी सज्जे, आणि सज्ज्यासज्ज्यातून जॉर्जियन, आर्मेनियन, अझरबैजानी, ज्यू, कुर्द, रशियन अशी सगळी बिऱ्हाडं. कोणत्या घरात काय बोलायचं आणि कोणत्या घरात काय बोलायचं नाही, हे पोरांना शाळेत जायच्या आधी कळायचं. पुढे अरबस्तानात यांना दारं का उघडली गेली, याचं निम्मं उत्तर मला तिथे दिसतं.

पंधराव्या वर्षी ते बाकूच्या नौदल पूर्वशिक्षण शाळेत दाखल झाले. प्रशिक्षणाच्या जहाजाचं नाव होतं ‘प्रावदा’, पुढच्या नोकरीचंच नाव. दोन वर्षांत फुप्फुसात क्षयाची सुरुवात निघाली आणि शाळेने घरी पाठवलं. खलाशी व्हायचं राहिलं ते राहिलंच. मॉस्कोला जाऊन अरबी घेतली, ती त्यानंतर.

एक प्रसंग जवळून सांगते. 1966 साली उत्तर इराकच्या डोंगरांत कुर्दांचा बगदादशी झगडा चालला होता. त्यांचे पुढारी मुल्ला मुस्तफा बर्झानी 1947 ते 1958 अशी अकरा वर्षं सोव्हिएत संघात आसऱ्याला राहून आलेले. मॉस्कोच्या माणसांबद्दल त्यांना जवळीक होती आणि रागही होता. प्रिमाकोव्ह बातमीदार म्हणून त्यांच्याकडे पोचले आणि पुढची चार वर्षं पुन्हा पुन्हा जात राहिले. त्याच काळात, 1969 मध्ये, बगदादला बाथ पक्षातल्या एका तरुण नेत्याशी त्यांची गाठ पडली. त्याचं नाव सद्दाम हुसेन. 1970 च्या मार्चमध्ये कुर्द आणि बगदाद यांच्यात स्वायत्ततेचा करार झाला. पुढे तो मोडला, ती गोष्ट निराळी. दोन्ही बाजूंना घरचा वाटणारा एक परका माणूस मात्र तयार झाला होता. म्हणून 1990 च्या ऑक्टोबरात, इराकने कुवेत गिळल्यावर, गोर्बाचोव्ह यांनी सद्दामकडे पाठवलं ते यांनाच. 1991 च्या फेब्रुवारीत बगदादवर बॉम्ब पडत असताना पुन्हा हेच गेले. 2003 च्या फेब्रुवारीत, सत्तरी ओलांडलेली असताना, ‘खुर्ची सोडा’ असा पुतिन यांचा निरोप घेऊन तिसऱ्यांदा हेच. तिन्ही वेळा युद्ध टळलं नाही. टीकाकार म्हणतात, सद्दामची ओळख यांच्या काय कामाला आली? प्रश्न रास्त आहे. पण तोंडावर असला निरोप सांगू शकेल असा दुसरा माणूस मॉस्कोपाशी नव्हता, हेही तितकंच रास्त.

मॅडम, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. रशियात पंतप्रधान निवडून येतो की नेमला जातो? आणि ज्याच्यामागे पक्ष नाही, असा माणूस पंतप्रधान होऊ शकतो का? प्रिमाकोव्ह कसे झाले?
— परीक्षार्थी, सदाशिव पेठ, पुणे

परीक्षेपुरतं आधी. 1993 च्या राज्यघटनेचं 111 वं कलम लक्षात ठेवा. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, संसदेचं खालचं सभागृह म्हणजे ड्यूमा एका आठवड्यात त्यावर मत देते. तीन वेळा नाव फेटाळलं तर ड्यूमाच बरखास्त होण्याची पाळी येते. आपल्यासारखं बहुमत ज्याचं त्याचा पंतप्रधान असं तिथे नाही, म्हणून पक्ष नसला तरी चालतं. 2020 च्या दुरुस्तीने ड्यूमाचा शब्द कागदावर थोडा वजनदार झाला, पण सध्याचे मिखाईल मिशुस्तिन घ्या. ते दहा वर्षं करखात्याचे प्रमुख होते. 2020 च्या जानेवारीत त्यांचं नाव आलं आणि दुसऱ्याच दिवशी 383 मतांनी ते पंतप्रधान झाले. विरोधात एकही मत नाही. 1998 मध्ये असं नव्हतं. तेव्हाची ड्यूमा खरोखर ‘नाही’ म्हणायची.

तेव्हाचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मॉस्कोत एका भारतीय औषध कंपनीच्या कचेरीत मी दुभाष्याचं काम करत होते. 17 ऑगस्टला, सोमवारी, सरकारने जाहीर केलं की आम्ही रोख्यांचे पैसे आत्ता फेडत नाही आणि रुबल धरून ठेवणंही आम्हाला जमत नाही. डॉलर सव्वासहा रुबलच्या आसपास होता. कचेरीच्या खालीच चलन बदलून देणारी खिडकी होती. तिथली बाई सकाळी पुठ्ठ्यावर मार्करने भाव लिहायची. सप्टेंबर उजाडला तेव्हा ती पुठ्ठ्यावर पुठ्ठा लावत होती, आणि दुपारी खिडकी बंद करून ‘डॉलर नाहीत’ अशी चिठ्ठी डकवायची. 9 सप्टेंबरला सरकारी भाव विसाच्या वर गेला. आमच्या वितरकाने जूनमध्ये उचललेल्या गोळ्यांचे पैसे रुबलमध्ये द्यायचे होते. तो फोन उचलायचा बंद झाला, आणि खरं सांगायचं तर त्याला दोष देता येत नव्हता. त्याचे पैसे ज्या बँकेत होते तिच्या दारासमोर रांग होती आणि दार आतून लावलेलं होतं. आमच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मीठ, काडेपेट्या आणि बकव्हीटच्या पिशव्या भरून ठेवल्या. युद्ध पाहिलेली पिढी ती. तिला टीव्हीवरचं अर्थशास्त्र ऐकावं लागत नसे.

राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी 23 ऑगस्टला किरियेन्को यांना काढलं. पस्तिशीचे पंतप्रधान, पाच महिन्यांत घरी. त्यांच्या जागी आधीचे पंतप्रधान चेर्नोमिर्दिन यांचं नाव दिलं. ड्यूमाने फेटाळलं. पुन्हा तेच नाव दिलं, पुन्हा फेटाळलं. तिसऱ्यांदा फेटाळलं असतं तर ड्यूमा बरखास्त. बँका बुडालेल्या, सरकार नाही आणि संसदही नाही, अशी वेळ. तेव्हा ‘याब्लोको’ पक्षाच्या याव्लिन्स्की यांनी सभागृहात नाव घेतलं ते परराष्ट्रमंत्री प्रिमाकोव्ह यांचं. उदारमतवादी पक्षाच्या माणसाने सुचवलेलं नाव कम्युनिस्टांनाही चाललं, कारण हा माणूस कोणाच्याच गोटातला नव्हता. स्वतः प्रिमाकोव्ह मात्र नको म्हणत होते. एकदा सांगून झालं, दुसऱ्यांदा सांगून झालं, शेवटी क्रेमलिनमधल्या माणसांनी गळ घातली तेव्हा होय म्हणाले. 11 सप्टेंबरला 317 विरुद्ध 63 मतांनी ते पंतप्रधान झाले. येल्त्सिन यांच्या सगळ्या कारकिर्दीत ड्यूमाने इतक्या आनंदाने क्वचितच काही मान्य केलं असेल.

ताई, पण अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाने बुडालेली अर्थव्यवस्था वर कशी काढली? काही जण म्हणतात तेलाने काढली.
— किराणा दुकानदार, जळगाव

आधी एक दुरुस्ती. त्यांची डॉक्टरेट अर्थशास्त्रातलीच होती, अरब देशांच्या अर्थकारणाचा त्यांचा अभ्यास होता. आता तेल. 1998 च्या डिसेंबरात तेलाचा भाव पिंपाला दहा डॉलरच्या आसपास घुटमळत होता. त्या आठ महिन्यांतला बराचसा काळ तेलाने काही हात दिला नाही. तेल चढायला लागलं ते 1999 च्या मार्चपासून.

तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला हे चटकन कळेल. रुबल तीन पट स्वस्त झाला म्हणजे बाहेरचा माल तीन पट महाग झाला. आमच्या पेठेतल्या दुकानातून फिनलंडचं लोणी गेलं, जर्मन साबण गेला, अमेरिकेहून गोठवून येणाऱ्या कोंबडीच्या तंगड्या (लोक त्यांना ‘बुशच्या तंगड्या’ म्हणायचे) इतक्या महागल्या की गिऱ्हाईक नुसतं बघून पुढे जायचं. पुढच्या काही महिन्यांत त्याच फळ्यांवर रशियन चीज, रशियन सॉसेज, रशियन बिस्किटं आली. वेष्टनं भद्दी, पण माल खपायचा. बंद पडलेल्या कारखान्यांना गिऱ्हाईक मिळालं. सप्टेंबरच्या एका महिन्यात महागाई 38 टक्क्यांनी उसळली होती. 1999 साली मात्र देशाचं उत्पन्न सहा टक्क्यांहून अधिक वाढलं.

याचं श्रेय प्रिमाकोव्ह यांचं किती? माझ्या मते, त्यांनी जे केलं त्यापेक्षा जे केलं नाही त्याचं श्रेय मोठं. अर्थखातं पाहायला त्यांनी सोव्हिएत नियोजन मंडळाचे जुने प्रमुख मास्ल्युकोव्ह यांना आणलं, मध्यवर्ती बँकेत गेराश्चेन्को यांना. पश्चिमेकडच्या वर्तमानपत्रांनी ठरवूनच टाकलं की आता नोटा छापणार, भाव बांधणार, रेशनकार्डं येणार. यातलं फारसं काही झालं नाही. 1999 चा अर्थसंकल्प इतका आवळलेला होता की आधीच्या सुधारकांनाही तो ड्यूमातून काढता आला नसता. कम्युनिस्टांनी तो मंजूर केला, कारण तो ‘आपल्या’ सरकारचा होता. थकलेली निवृत्तिवेतनं हळूहळू फिटायला लागली. आजीबाईंना आधीच्या महिन्यांचं पेन्शन एकदम मिळालं तेव्हा त्यांनी आमच्या दारात येऊन नोटा मोजून दाखवल्या. टीव्हीवर पंतप्रधान आले की त्या आवाज वाढवायच्या. जाड आवाज, जड पापण्या, शब्दाशब्दामध्ये इतकी जागा की वाटावं, वाक्य संपलं. घाईघाईने आश्वासनं ऐकून विटलेल्या लोकांना ती संथ चाल भावली.

मला एक मेसेज आला. त्यात म्हटलंय की प्रिमाकोव्ह अमेरिकेच्या विमानतळावर उतरले, तिथे युगोस्लाव्हियावरच्या हल्ल्याची बातमी कळताच लाल गालिच्यावरून उलट फिरून विमानात बसले. खरं का?
— वाचक, डोंबिवली

गालिचा खोटा, उलट फिरणं खरं. खरी हकीकत मेसेजपेक्षा रंगतदार आहे.

मार्च 1999. नाणेनिधीचं कर्ज आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्याबरोबरची बैठक यासाठी प्रिमाकोव्ह वॉशिंग्टनला निघाले. कोसोव्होवरून नाटो युगोस्लाव्हियावर हल्ला करणार अशी हवा होतीच. निघण्यापूर्वीच गोर यांच्याशी बोलणं झालं होतं: मी वाटेत असताना हल्ला ठरला तर मी येणार नाही. विमान आयर्लंडला शॅननवर इंधन घेऊन अटलांटिकवर आलं. तिथे गोर यांचा फोन आला की युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष मिलोशेविच यांच्याशी बोलणी फसली, हल्ला आता टळत नाही. प्रिमाकोव्ह यांनी विमान वळवायला सांगितलं. समुद्रावरच वळून, पुन्हा शॅननला इंधन घेऊन ते मॉस्कोला परतले. 24 मार्चच्या संध्याकाळी बॉम्ब पडायला लागले आणि पुढे 78 दिवस पडत राहिले.

रशियात या वळणाला ‘प्रिमाकोव्हचा वळसा’ असं नाव पडलं. आज ते अभिमानाने घेतात, तेव्हा सगळे अभिमानाने घेत नव्हते. ‘कोमेर्सांत’ या दैनिकाने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापलं की प्रिमाकोव्ह यांच्यामुळे रशियाचं 15 अब्ज डॉलरचं नुकसान झालं. आमच्या कचेरीतल्या रशियन हिशेबनीसाने तो अंक टेबलावर आपटला होता आणि दुसऱ्या दोघांनी त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. मौज अशी, की त्याच आठवड्याच्या शेवटी नाणेनिधीचे प्रमुख कामदेस्सू स्वतः मॉस्कोला आले आणि कर्जाबद्दल समझोता जाहीर करून गेले. प्रिमाकोव्ह 30 मार्चला बेलग्रेडला जाऊन मिलोशेविच यांना भेटले. हाती काही लागलं नाही.

हा माणूस अमेरिकेचा द्वेष करणारा होता, असाही सूर त्या मेसेजमध्ये आहे. त्यावर एवढंच सांगते. 1998 च्या जुलैत मनिलाला आसियानच्या परिषदेतल्या रात्रीच्या मेजवानीत हेच प्रिमाकोव्ह अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलीन ऑल्ब्राइट यांच्याबरोबर गाणी म्हणत एक विडंबन नाटुकलं करत होते. दोघंही बेसूर. आठ महिन्यांनी त्याच ऑल्ब्राइटबाईंच्या सरकारमुळे विमान वळवलं.

‘प्रिमाकोव्हचा त्रिकोण’ नेमका कुठे आणि कधी मांडला गेला? परीक्षेत वर्ष विचारतात.
— परीक्षार्थी, छत्रपती संभाजीनगर

डिसेंबर 1998, नवी दिल्ली. पंतप्रधान म्हणून ते भारतभेटीवर आले होते, आपल्याकडे वाजपेयींचं सरकार होतं. पोखरणच्या चाचण्यांना सात महिने झालेले आणि भारतावर अमेरिकेचे निर्बंध. त्याच सुमारास अमेरिका आणि ब्रिटनने इराकवर बॉम्बहल्ले केले होते. त्यावर पत्रकारांशी बोलताना ते म्हणाले की मॉस्को, दिल्ली आणि बीजिंग असा मोक्याचा त्रिकोण जमला तर बरं होईल. ठराव नव्हता, मसुदा नव्हता. दिल्लीने हसून दुर्लक्ष केलं आणि बीजिंगलाही घाई नव्हती; चीनचं कारण देऊन आपण अणुचाचण्या केल्या होत्या, ते चीन विसरला नव्हता. तरी काही वर्षांनी तिन्ही परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठका सुरू झाल्या, आणि ब्रिक्सचं मूळ शोधणारे तिथपर्यंत मागे जातात. त्या भेटीत हाती लागलेली गोष्ट वेगळी होती: 2010 पर्यंतच्या लष्करी-तांत्रिक सहकार्याचा करार. परीक्षेत त्रिकोण विचारतील, पण तुम्ही करारही लिहा.

इतके लोकप्रिय होते तर काढलं का?
— गृहिणी, नाशिक

लोकप्रिय होते म्हणूनच, ताई. येल्त्सिन आजारी, दवाखान्यात ये-जा चाललेली. ड्यूमात त्यांच्यावर महाभियोगाची तयारी. आणि पाहणीत लोक पुढचा राष्ट्राध्यक्ष म्हणून प्रिमाकोव्ह यांचं नाव घ्यायला लागलेले. त्यात यांनी धनदांडग्यांच्या शेपटीवर पाय दिला. जानेवारीत मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्यांनी म्हटलं होतं की कैद्यांना माफी देऊन तुरुंगात जागा रिकामी करतोय, आर्थिक गुन्हेगारांना बसवायला. एप्रिलमध्ये क्रेमलिनच्या जवळचे बडे उद्योगपती बेरेझोव्स्की यांच्या अटकेचं फर्मान निघालंसुद्धा. नंतर ते मागे घेतलं गेलं. असलं बोलल्यावर क्रेमलिनभोवतीच्या माणसांना झोप कशी लागणार?

5 मेचं दृश्य टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. क्रेमलिनमध्ये नव्या सहस्रकाच्या सोहळ्याच्या समितीची बैठक. येल्त्सिन बोलता बोलता थांबले. टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. शांतता लांबत गेली, कोणाला कळेना काय झालं. मग म्हणाले, नीट बसला नाहीत. स्तेपाशिन पहिले उपपंतप्रधान आहेत, दुरुस्त करा. गृहमंत्री सेर्गेई स्तेपाशिन यांना आठवड्यापूर्वीच ती बढती मिळाली होती. ते उठले, खुर्च्या सरकल्या, आणि ते राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी येऊन बसले. प्रिमाकोव्ह तिथेच बसलेले. त्यांचा चेहरा हलला नाही, पण आमच्या कचेरीत टीव्हीपुढे उभी असलेली चहावाली बाई म्हणाली, गेले हे. आठवड्याने, 12 मेला, गेले. स्तेपाशिन पंतप्रधान झाले. तीन महिन्यांत तेही गेले आणि ऑगस्टमध्ये आले पुतिन.

डिसेंबरच्या निवडणुकीत प्रिमाकोव्ह मॉस्कोचे महापौर लुझकोव्ह यांच्या आघाडीबरोबर उतरले. बेरेझोव्स्की यांचा ज्यावर वचक होता त्या वाहिनीवर त्यांच्यावर झाली तशा खुब्याच्या शस्त्रक्रियेची रक्तबंबाळ चित्रं दाखवली गेली: हा म्हातारा, आजारी, याला मत देता? आघाडीला तेरा टक्क्यांच्या वर मतं मिळाली आणि राष्ट्राध्यक्षपदाचा विचार त्यांनी सोडून दिला. पुढे 2001 पासून दहा वर्षं ते वाणिज्य आणि उद्योग मंडळाचे अध्यक्ष होते. पुतिन यांच्याशी जमवून घेतलं. ‘ज्यांनी हरवलं त्यांच्याच पंगतीला बसले’ असं त्यांना नावं ठेवणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही.

त्यांच्या घरच्यांबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही. लिहाल का?
— शिक्षिका, चिपळूण

लिहिते. 1951 मध्ये, शिकत असतानाच, त्बिलिसीच्या लाउरा खाराद्झे यांच्याशी लग्न झालं. मुलगा अलेक्सांद्र, मुलगी नाना. 1981 च्या मे दिनाला अलेक्सांद्र लाल चौकातल्या संचलनाच्या बंदोबस्तावर स्वयंसेवक म्हणून उभा होता. तिथेच हृदयाचा त्रास झाला आणि गेला. वय सत्तावीस. 1987 मध्ये लाउराही हृदयविकाराने गेल्या. 1994 मध्ये त्यांनी इरिना बोरिसोव्ना यांच्याशी लग्न केलं. त्याही डॉक्टर, त्यांच्या आईसारख्या. जॉर्जियन सवयी शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. जेवणाला माणसं लागायची, आणि पेला उचलून भाषण करायचं तर ते यांनीच. 26 जून 2015 रोजी मॉस्कोत ते वारले. नोव्होदेविची स्मशानभूमीत दफन झालं. 2019 मध्ये, नव्वदाव्या जयंतीला, परराष्ट्र मंत्रालयासमोर पुतळा बसला.

गेलेल्या मुलाचा मुलगा, म्हणजे नातू, आजोबांच्याच नावाचा: येवगेनी. तोही मध्यपूर्वेत बातमीदारी करून आलेला. ‘सान्द्रो’ (अलेक्सांद्रचं जॉर्जियन रूप) या टोपणनावाने तो काम करायचा, म्हणजे वडिलांचं नाव त्याने तिथे जपलं. पुढे तो ड्यूमात गेला, आणि 2020 मध्ये परदेशांतली रशियन सांस्कृतिक केंद्रं चालवणाऱ्या सरकारी संस्थेचा प्रमुख झाला. मुंबईत पेडर रोडवरचं रशियन हाउस त्याच संस्थेचं. आपल्यापैकी जे तिथे रशियन शिकायला गेले असतील, त्यांच्यापैकी काहींच्या प्रमाणपत्रावर कदाचित त्या संस्थेचं नाव असेलही, काढून बघा.